मार खाऊनही चालणारं अंतराळजहाज कसं रचावं

विज्ञानकथा मालिकांच्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात. त्यात जहाजाची ओळख बहुतेक एकाच साच्यातली असते. लांबी अमुक मीटर, तोफा तमुक, शील्ड (म्हणजे मारा अडवणारं अदृश्य कवच) तीन थरांचं. मग लढाई जुंपते आणि कोणीतरी ओरडतं, "शील्ड चाळीस टक्के!" पुढच्या पानावर वीस टक्के. आकडा उतरत जातो, पण जहाजाचा एक बल्बही जात नाही. शून्य आलं की मात्र थेट स्फोट. माझं निम्मं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, निवृत्त झालो तेव्हा सेकंड इंजिनिअर होतो. त्यामुळे असं पान वाचलं की मी समासात एवढंच लिहितो: पहिल्या फटक्यात नेमकं काय बंद पडलं, ते कोणाला कळलं आणि तिथवर कोण पोचलं? माझ्या लेखी जहाजाचा टिकाऊपणा या उत्तरात असतो. हे उत्तर तयार ठेवायचं असेल तर पुढचं सगळं संहिता लिहिण्याआधी करून घ्या.

आधी जहाजाचं काम ठरवा

जहाज कशासाठी बांधलं, पैसे कोणी मोजले आणि बांधणाऱ्याला कशाची भीती वाटत होती, हे तीन-चार ओळींत लिहून काढा. तिसरा मुद्दा लोक गाळतात, आणि खरी रचना त्यातूनच निघते. १९६६ च्या 'स्टार ट्रेक'मधली एंटरप्राइझ बघा. तिचे रचनाकार मॅट जेफरीज यांनी तिची इंजिनं दोन लांब दांड्यांवर, माणसांपासून दूर नेऊन ठेवली. इतकी ताकद असलेली यंत्रं धोकादायक असणार, मग ती राहत्या भागाला चिकटवून कशाला ठेवायची, असा त्यांचा हिशेब. बाहेरचं कवच गुळगुळीत ठेवलं, कारण दुरुस्ती आतून करता यायला हवी. ते जहाज शोधमोहिमेचं आहे, हे एकही वाक्य न ऐकता कळतं.

आता त्याच विश्वातलं १९९४ चं डिफायंट घ्या. बोर्ग नावाच्या शत्रूशी लढायला बांधलेलं. कुटुंबं नाहीत, प्रयोगशाळांचा पसारा नाही, इंजिनं अंगाशी घट्ट आवळलेली. लांब दांडी ठेवली की शत्रू आधी तीच तोडणार, हे बांधणाऱ्याने ओळखलं होतं. पण मालिकेने त्याला खोटही दिली: एवढ्याशा अंगाला ताकद आणि शस्त्रं इतकी भारी, की चाचणीत पूर्ण क्षमतेने इंजिनं चालवली तेव्हा जहाज स्वतःलाच फाडायच्या बेतात होतं. मला ही खोट फार आवडते. ती कामातूनच आलेली आहे, वरून चिकटवलेली नाही.

२००३ मधली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' याच्या उलट टोकाला. जहाज म्हातारं, संग्रहालय व्हायच्या वाटेवर. संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत, बोलायला तारेचे फोन. नव्या जहाजांना शत्रूने संगणकातूनच लुळं केलं, आणि हिचं जुनाटपण हिच्या पथ्यावर पडलं.

बाहेरचं चित्र राहू द्या, उभा छेद काढा

बाहेरून जहाज कसं दिसतं हे ठरवायला चित्रकार मिळेल. तुम्ही कागदावर उभा छेद काढा, म्हणजे जहाज मधोमध कापलं तर आत जे दिसेल ते. पहिला निर्णय: खाली म्हणजे कुठे? 'द एक्सपान्स'मध्ये मजले इंजिनावर एकावर एक रचलेले आहेत. इंजिन ढकलतं तेव्हा पायाखाली वजन येतं, बंद झालं की माणसं तरंगतात. 'स्टार ट्रेक'मध्ये कृत्रिम गुरुत्व आहे, मजले प्रवासाच्या दिशेला समांतर. दोन्ही चालतं. एक निवडा आणि शेवटपर्यंत बदलू नका. 'एक्सपान्स'ची पद्धत घेतलीत तर इंजिन बंद पडलं की शिडी चढणारा, रक्त पुसणारा आणि पाना शोधणारा, तिघांची कामं एकाच क्षणी बदलतात. लेखकाला ही फुकटात मिळालेली मेजवानी आहे.

मग पाच रंग घ्या. वीज, हवा, इंधन, हुकूम आणि माणसं. प्रत्येकाचा रस्ता छेदावर आखा. कुठून निघतो, कुठे पोचतो, मध्ये कुठल्या भिंतीतून जातो. जिथे तीन-चार रंग एकाच बिंदूत येतात, तिथे तुमचं जहाज मरणार आहे. तो बिंदू पुसू नका. फक्त तो जहाजावर कोणाला माहीत आहे, ते ठरवा.

समुद्रावर यासाठी नियम आहेत. आणीबाणीचा जनरेटर इंजिनरूममध्ये ठेवायचाच नाही. तो वरच्या सलग डेकच्याही वर, वेगळ्या जागी, स्वतःच्या इंधनाच्या टाकीसकट असतो. मुख्य वीज गेली की पंचेचाळीस सेकंदांच्या आत त्याने भार उचलला पाहिजे. ते सेकंद अंधारात उभं राहून मोजलेत तर खूप लांब वाटतात. मालिकांमधल्या जहाजांवर 'बॅकअप' नावाची एक गोष्ट असते खरी, पण बघावं तर ती मुख्य यंत्राच्या शेजारच्याच खोलीत. २००२ च्या 'फायरफ्लाय'मधला 'आउट ऑफ गॅस' हा भाग यासाठी जरूर बघा. इंजिनातला एक छोटा भाग तुटतो, आणि त्यापाठोपाठ श्वासाची हवा पुरवणारी यंत्रणा आणि तिची राखीव यंत्रणाही जाते. शत्रू कोणी नाही, एक गोळी सुटत नाही, तरी जहाज मरणाच्या दारात. रंगीत रेषा एकमेकींत गुंतल्या की काय होतं, ते त्या भागात दिसतं.

अंतराळातलं खरं उदाहरण याहून बोचरं आहे. २५ जून १९९७ ला रशियाच्या मीर अंतराळ स्थानकाच्या स्पेक्टर कक्षावर मालवाहू प्रोग्रेस यान आदळलं. हवा गळू लागली. कक्ष बंद करायचा तर झडप लावायला हवी, पण झडपेच्या तोंडातून केबल्स आणि नळ्या ओढलेल्या होत्या. रोजच्या सोयीसाठी दार उघडंच ठेवून तारा टाकत गेलेले. दाब उतरत असताना अंतराळवीरांनी त्या तारा सोडवल्या, काही कापल्या, आणि मग कुठे झाकण बसलं. स्पेक्टरच्या सौरपट्ट्यांची वीजही त्याबरोबर गेली, कारण ती त्याच तारांतून येत होती. तुमच्या छेदावर प्रत्येक दार काढलंत ना? आता त्यातली कुठली दारं कोणी कशासाठी उघडी ठेवली आहेत, ते लिहा. जिथे माणसं राहतात तिथे नियमाविरुद्ध उघडं ठेवलेलं एक तरी दार असतंच. मी पाहिलेल्या प्रत्येक जहाजावर होतं.

आणि कप्तानाची खोली टकलावर ठेवू नका. एंटरप्राइझचा पूल, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा, तिच्या बशीसारख्या पुढच्या भागाच्या माथ्यावर आहे, दिसायला देखणा, पण शत्रूला नेम धरायला बोलावणं धाडल्यासारखा. गॅलॅक्टिकाचं नियंत्रणकक्ष जहाजाच्या पोटात आहे, खिडकी एकही नाही. तिथले लोक लढाई बघत नाहीत, ती आवाजांवरून आणि आकड्यांवरून ओळखतात. त्यामुळे नाट्य वाढतंच.

संरक्षणाला किंमत लावा

वाचायचे मार्ग चारच: फटका अडवणं, झेलणं, चुकवणं, किंवा तो येण्याआधी पाडणं. प्रत्येकाला एक किंमत आणि निकामी होण्याची एक ठरलेली तऱ्हा द्या.

शील्ड म्हणजे अडवणं. टक्केवारीवर माझा राग आहे, शील्डवर नाही. 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' मालिकेतल्या १९९४ च्या 'द जेम'हडार' या भागात ओडिसी हे गॅलॅक्सी वर्गाचं जहाज, म्हणजे त्या काळच्या एंटरप्राइझचं सख्खं भावंड, लढायला जातं. शत्रूचा मारा शील्डमधून सरळ आरपार येतो. मग कप्तान काय करतो? निरुपयोगी शील्डची वीज शस्त्रांकडे वळवतो. तो एक निर्णय मला शंभर टक्केवाऱ्यांपेक्षा जास्त सांगून जातो. शील्ड असलं तर तीन गोष्टी ठरवा: ते कशाला अडवत नाही, ते चालू असताना जहाजाला काय करता येत नाही, आणि ते कुठल्या खोलीतून चालतं.

झेलणं म्हणजे चिलखत. डिफायंटवर झिजणारं चिलखत आहे. फटक्याची ऊर्जा घेऊन त्याचा थर उडून जातो. गेलेला थर लढाई चालू असताना परत येत नाही, म्हणून कुठल्या बाजूचा थर संपला हे सुकाणूवरच्या माणसाला ठाऊक हवं, आणि त्याने जहाज वळवून चांगली बाजू पुढे करायला हवी. वेगाने येणाऱ्या बारीक वस्तूंसाठी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात सुचवलेली युक्ती आजही अंतराळ स्थानकावर वापरतात: बाहेर पातळ पत्रा, मध्ये पोकळी, आत खरी भिंत. कण पातळ पत्र्यावरच फुटतो आणि भिंतीपर्यंत विखुरलेला फवारा पोचतो. तुमच्या जहाजाला दोन कातडी असतील तर मधल्या पोकळीत दुरुस्तीला कोण शिरतं? त्या माणसाला नाव द्या.

वेगाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने आलेल्या एक किलो वस्तूत ४५ लाख जूल ऊर्जा असते, म्हणजे टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोपेक्षा थोडी जास्तच. वेग दहापट केला की ऊर्जा शंभरपट. स्फोटकं न भरलेला लोखंडाचा तुकडाही पुरतो. म्हणून 'एक्सपान्स'मधल्या जहाजांवर शील्ड नाहीत, पण जवळ आलेलं क्षेपणास्त्र पाडायला भराभर गोळ्या झाडणाऱ्या तोफा आहेत. गॅलॅक्टिका तोफांच्या फुटणाऱ्या गोळ्यांची भिंतच उभी करते. दोन्हींची किंमत उघड आहे, गोळ्या संपतात. किती उरल्या हे लिहून ठेवा.

चुकवण्यासाठी 'बॅबिलॉन ५'मधलं स्टारफ्युरी विमान अभ्यासा. चार लांब हातांच्या टोकांना इंजिनं. टोकाला जोर लावला की विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं, आधीच्याच दिशेने सरकत राहतं आणि मागे लागलेल्यावर तोंड करून गोळी झाडतं. पोकळीत हवा नाही, मग पंख कशाला हवेत?

उष्णतेकडे मात्र जवळपास सगळ्याच मालिका काणाडोळा करतात. पोकळीत उष्णता बाहेर टाकायचा रस्ता एकच, प्रारण, म्हणजे ती किरणांच्या रूपात सोडणं. २७ अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावरून चौरस मीटरला जेमतेम ४६० वॉट जातात. एक मेगावॉट उष्णता टाकायची तर दोन हजार चौरस मीटरहून मोठा पृष्ठभाग लागतो. तोच तापवून ७२७ अंशांवर नेला तर चौरस मीटरला सुमारे ५७ किलोवॉट जातात. म्हणजे जहाजाला उष्णता सोडणारे भले मोठे, नाजूक, तापलेले पत्रे हवेत. लढाईत ते आत ओढले तर जहाज आतून शिजायला लागतं, बाहेर ठेवले तर पहिली गोळी त्यांनाच. तुमच्या कथेला घड्याळ हवंच असेल तर हे घ्या.

फटका बसण्याआधी

जून १९४२, मिडवेची लढाई. यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू जहाजाने हल्ला येतोय म्हटल्यावर विमानांच्या पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या केल्या आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला. बॉम्ब पडले, बॉयलर विझले, तरी पेट्रोलने पेट घेतला नाही. खलाशांनी जहाज पुन्हा चालू केलं, इतकं व्यवस्थित की जपान्यांच्या दुसऱ्या तुकडीला ते वेगळंच, धड जहाज वाटलं. आधीच्याच कोरल समुद्राच्या लढाईत तिला मार बसला होता आणि गोदीत तीनेक दिवसांत तिची डागडुजी उरकली होती. अखेर ती बुडाली, पण त्यासाठी शत्रूला आणखी विमानं आणि एक पाणबुडी खर्चावी लागली.

'एक्सपान्स'मध्ये हीच शिस्त आहे. लढाईआधी सगळे स्पेससूट चढवतात, आसनांना पट्टे आवळतात आणि जहाजातली हवा काढून घेतात. हवा नाही तर आग नाही, आणि भोक पडलं तर गळायला काही नाही. तुमच्या लोकांनी तयारीच्या चार-पाच मिनिटांत काय केलं, ते अर्ध्या पानात लिहा. कोण काय बांधतो, कोण काय बंद करतो, कोण आळस करतो. पुढे जे वाचेल ते यामुळे वाचलं असं प्रेक्षकाला पटेल, आणि ज्याचा जीव जाईल त्याचंही कारण तयार असेल.

एक फटका, जवळून

आता एकच फटका घ्या आणि सावकाश लिहा. समजा बारीक गोळा आला, साठ घनमीटरच्या खोलीला दोन सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं. माणूस त्यातून बाहेर खेचला जाणार नाही. दाब निम्म्यावर यायला ढोबळमानाने दहा ते वीस मिनिटं आहेत. गोळा आरपार गेला तर भोकं दोन आणि वेळ निम्मा. 'एक्सपान्स'च्या पहिल्या पर्वातल्या 'सीक्यूबी' भागात नेमकं हे होतं: गोळा भिंतीतून येतो, एका माणसाचं डोकं नेतो, समोरच्या भिंतीतून जातो. बाकीचे हाताला लागेल ते घेऊन भोकं बुजवायला धावतात. भाषण नाही. कामच इतकं भयंकर आहे की वेगळं काही लागत नाही.

आग याहून वाईट. खऱ्या जहाजावर इंजिनरूम पेटली आणि आटोक्याबाहेर गेली तर शेवटचा उपाय म्हणून तिथे कार्बन डायऑक्साइड सोडतात. वायू सोडण्याआधी इंधन तोडायचं, पंखे थांबवायचे, झडपा लावायच्या आणि माणसं मोजायची. मोजणी जुळली नाही तर? सरावाच्या वेळी चीफ इंजिनिअर हा प्रश्न विचारायचे आणि कोणी उत्तर द्यायचं नाही. गॅलॅक्टिकाच्या सुरुवातीच्या लघुमालिकेत अणुबॉम्बचा फटका बसल्यावर जहाजाचा उपकप्तान टाय हेच करतो. आग पसरतेय, तो पेटलेले कप्पे बंद करून पोकळीला उघडतो. आत पंचाऐंशी माणसं आहेत. तिथल्या डेकचा चीफ टायरॉल थोडा वेळ मागतो, टाय देत नाही. जहाज वाचतं. मला विचाराल तर दूरचित्रवाणीवरच्या अंतराळयुद्धांत इतकं खरं दृश्य दुसरं नाही, कारण तिथे जहाजाची बळकटी एका माणसाच्या निर्णयात आहे आणि तो निर्णय नंतर कोणी पुसत नाही.

पूलावरचे फुटणारे पॅनेल मात्र काढून टाका. फ्यूज नावाची वस्तू आपल्याकडे केव्हाची आहे.

उधारीची वही

प्रत्येक भागाच्या शेवटी एक पान: काय तुटलं, काय तात्पुरतं भागवलं, कोणत्या खोलीतला भाग काढून कुठे लावला, काय संपलं. 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' मालिकेने सुरुवातीच्या भागांतच सांगून टाकलं होतं की जहाजावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि संपले की नवे मिळणार नाहीत. पुढच्या सात पर्वांत चाहत्यांनी मोजायला घेतलं आणि आकडा केव्हाच ओलांडला गेला. आकडा सांगायचा नसेल तर सांगू नका. सांगितलात तर तो तुमचा सावकार आहे. 'इयर ऑफ हेल' या १९९७ च्या जोडभागात त्याच जहाजाची हळूहळू होणारी चाळण फार छान दाखवली आहे, आणि शेवटी काळ मागे फिरवून सगळं कोरं केलं. जपानी अॅनिमेशन मालिकेतल्या 'यामातो' या अंतराळजहाजाचं तर काय बोलावं! पोटाखालचा तिसरा पूल वारंवार उद्ध्वस्त होतो आणि पुन्हा जागच्या जागी लटकलेला असतो. चाहते त्यावर हसतात ते प्रेमाने, पण हसतात.

गॅलॅक्टिकाने वही इमानदारीत ठेवली. वातावरणातून खाली पडताना, अणुबॉम्ब झेलताना, वेळी-अवेळी उड्या मारताना (म्हणजे क्षणात अंतराळात दूरवर पोचताना) सांगाड्याने जे सोसलं, ते शेवटच्या पर्वात बारीक तडे होऊन समोर येतं. टायरॉल ते शोधतो. शत्रूकडून घेतलेला सजीव लेप फासून डागडुजी करावी लागते, आणि अॅडमिरलला आपल्या जहाजावर तो लेप बघवत नाही. शेवटच्या उडीत जहाजाचा कणा मोडतो. एवढी वर्षं जमा झालेलं कर्ज एकदम वसूल झालं, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

जहाज मारायचं कसं

ओडिसीकडे परत येऊ. लढाई संपलेली आहे, ती माघार घेतेय. तेवढ्यात शत्रूचं एक छोटं जहाज मुद्दाम तिच्यावर जाऊन आदळतं आणि ती जाते. लढायला निघण्याआधी तिने कुटुंबांना स्थानकावर उतरवलं होतं, हे आधी दाखवलं आहे. म्हणजे तिने करायचं ते सगळं केलं, तरी गेली. शत्रू माघार घेणाऱ्यालाही सोडत नाही, ही नवी माहिती त्या मरणातून कळते. मोठं जहाज मारायचं तर त्यातून असं काहीतरी नवं कळू द्या, नाहीतर त्याला लंगडत घरी जाऊ द्या. लंगडणाऱ्या जहाजातून पुढचे तीन भाग निघतात.

सगळं झालं की छेदाचा कागद एखाद्या खोडकर मित्राच्या हातात द्या. जोडीला लाल पेन्सिल आणि तीन गोळ्यांची मुभा. कुठे मारायचं ते तो ठरवेल. तुम्ही पाच रंगांच्या रेषांवर बोट फिरवत काय विझलं, काय चालू राहिलं, कोण कुठे अडकलं ते त्याला मोठ्याने सांगा. दुसऱ्या गोळीनंतरही सांगण्यासारखं काही उरलं असेल तर संहिता लिहायला घ्या. पहिल्याच गोळीत सगळं संपलं, तर आणीबाणीचा जनरेटर कुठे ठेवलाय ते आधी बघा.